इमारतीचा सातबारा

बुखाऱ्याच्या जुन्या जामा मशिदीला एके काळी अशी दारं होती, ज्यांच्यावर कोरलेल्या आकृत्यांचे फक्त चेहरे खरवडलेले होते. बाकी अंग तसंच ठेवलेलं. बुखाऱ्याचाच इतिहासकार नर्शखी याने दहाव्या शतकात हे लिहून ठेवलंय, आणि दारं कुठून आली तेही तो सांगतो.

इ.स. ७१२-१३च्या सुमाराला अरब सेनापती कुतैबा इब्न मुस्लिम याने या शहरात मशीद बांधली. जिथे आधी मूर्तींचं देऊळ होतं, तिथेच. लोकांनी शुक्रवारच्या नमाजाला यावं म्हणून येणाऱ्याला दोन दिरहम मिळतील अशी दवंडी पिटवली. गरीब आले. शहराबाहेर वाडे बांधून राहणारे श्रीमंत आले नाहीत. बोलवायला गेलेल्यांवर त्यांनी छपरांवरून दगड मारले. मारामारी झाली, वाडेवाले हरले, आणि त्यांच्या वाड्यांची दारं उचकटून शहरात आणली गेली. प्रत्येक दारावर त्या त्या घरच्या दैवताची आकृती होती. पुढे मशीद वाढवली तेव्हा ही दारं तिला बसवली. चेहरे तेवढे खरवडले.

आता सांगा, हे दार कुणाचं?

वाडा ज्याचा होता त्याचं? ज्याने ते कोरलं त्या सुताराचं? उचकटून आणणाऱ्या सैनिकाचं? की पुढची दोनशे वर्षं दर शुक्रवारी ते दार ढकलून आत जाणाऱ्या, एव्हाना मनापासून मुसलमान झालेल्या बुखाऱ्याच्या साध्या माणसांचं? त्यांच्यातल्याच काहींचे खापरपणजोबा त्या छपरांवरून दगड मारत असतील.

महाराष्ट्रात 'हे कुणाचं' असा वाद आला की लोक सातबारा काढतात. आता तो फोनवरही दिसतो. बघितला नसेल तर एकदा बघा. त्यात भोगवटादाराचं नाव असतं, म्हणजे आपण ज्याला मालक म्हणतो तो. पण बाजूला आणखी एक रकाना असतो, 'इतर अधिकार' नावाचा. कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, कर्जाचा बोजा, हे सगळं तिथे. जमीन विकत घेणारा शहाणा माणूस आधी हा रकाना वाचतो.

जुन्या इमारतींवरून भांडताना मात्र सगळे पहिल्याच रकान्यासाठी भांडतात. नाव एकच आणि ते आमचं. मला दुसऱ्या रकान्याबद्दल बोलायचंय. त्यासाठी उदाहरण म्हणून इराणी लोकांनी इस्लामच्या पहिल्या चारशे वर्षांत बांधलेल्या इमारती घेते. त्या दूरच्या आहेत, त्यामुळे आपल्याला जरा थंड डोक्याने बघता येतील.

*

पार्श्वभूमी थोडक्यात. सातव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात सासानी घराण्याचं साम्राज्य होतं आणि राजधर्म झरतुष्ट्राचा. ६३७मध्ये अरबांनी राजधानी मदाइन घेतली. ६४२मध्ये नहावंदला सासानी सैन्याचा कणा मोडला. ६५१मध्ये शेवटचा राजा, तिसरा यझदगर्द, पळता पळता मर्व शहराजवळ मारला गेला. राज्य अशा रीतीने पंधरावीस वर्षांत गेलं. धर्म मात्र इतक्या झटपट गेला नाही. बहुसंख्य इराणी मुसलमान व्हायला दोनशेहून जास्त वर्षं लागली. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तखरी लिहितो, की फार्स प्रांतात अग्निमंदिर नाही असा भाग क्वचितच सापडेल.

या काळातल्या इमारतींबद्दल दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर 'लूट' असं आहे. जेत्यांनी हरलेल्यांचं सगळं घेतलं, त्यांच्या कमानी, त्यांचे घुमट, त्यांचे कारागीर, आणि वर आपलं नाव लावलं. दुसरं उत्तर 'संगम'. दोन संस्कृती भेटल्या, एकमेकींना देत-घेत राहिल्या आणि त्यातून काहीतरी सुंदर जन्माला आलं. पहिलं उत्तर सोशल मीडियावर मिळतं, दुसरं टुरिझमच्या माहितीपत्रकात. दोन्हींत थोडं खरं आहे. पण दोन्ही ऐकताना मला एक शंका येते: यात गवंडी कुठे आहे?

*

इराणच्या उत्तरेला दामघान नावाचं शहर आहे. तिथे तारीखाने नावाची मशीद आहे, आठव्या शतकातली. इराणात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी ही एक. फोटो सहज मिळतील. ते मोठे करून खांब पाहा.

मशिदीची मांडणी अरबी आहे. मधे चौक, भोवती खांबांच्या ओळी, किब्ल्याच्या बाजूला ओळी जास्त. ही कल्पना मदिनेतल्या प्रेषितांच्या घरापासून आलेली. तिथे खजुराच्या खोडांचे खांब होते आणि वर झावळ्या. मशिदीला तसं फार काही लागत नाही. दिशा लागते, आणि माणसांना खांद्याला खांदा लावून ओळीत उभं राहता येईल एवढी जागा. अग्निमंदिराची गरज बरोबर उलटी होती. तिथे मधोमध आग, तिच्याजवळ फक्त पुरोहित. तेव्हा आराखडा इराणी गवंड्याला नवा होता.

पण बांधायला घेतल्यावर त्याने काय केलं? त्याने मोठ्या चौरस विटा घेतल्या आणि गोल खांब रचले, कधी विटा उभ्या लावून, कधी आडव्या. खांब जवळजवळ माणसाच्या उंचीइतके जाड आणि त्या मानाने बुटके. डोक्यावर नक्षी नाही, पायाशी नक्षी नाही. दामघानलाच टेपे हिसार इथे सासानी काळातला एक वाडा उत्खननात सापडला, त्यातले खांबही याच जातीचे होते. नकाशा नव्या मालकाचा आणि वीट जुनीच, असं हे काम आहे.

हे बघून कुणी म्हणतं, बघा, इराणी माणसाने मशिदीतसुद्धा आपली परंपरा जपली. मला हे वाक्य जरा जड वाटतं. त्या गवंड्याने परंपरा जपायची म्हणून वीट उभी लावली नसणार. खांब असाच बांधतात, एवढंच त्याला माहीत होतं. बापाने असाच शिकवला होता. आपण ज्याला वारसा म्हणतो तो त्याच्यासाठी मनगटाची सवय होती. आपल्याकडचा जुना मिस्त्री ओळंबा लावतो तेव्हा काही संस्कृतिरक्षण करत नसतो, भिंत सरळ आहे का ते बघत असतो.

यातून 'लूट' या शब्दाची पहिली अडचण कळते. दार उचकटून नेता येतं, मनगट उचकटता येत नाही. कौशल्य हे माणसासोबतच राहतं. त्याला राबवून घेता येतं, कमी मजुरी देता येते, वेठीला धरता येतं. पण राबवून घेतलं तरी ते त्याच्याजवळून जात नाही. उलट तो ते मुलाला देतो, आणि मुलगा एव्हाना कदाचित अब्दुल्ला झालेला असतो.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा मराठी माणसाला माहीत आहे. त्या न्यायाने बांधेल त्याची इमारत म्हणायला हवं. माझा कल तिकडे आहे. पण अडचण अशी, की त्या बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तो झरतुष्ट्री होता की नवा मुसलमान, की घरी एक आणि कामावर दुसरा, तेही नाही. भोगवटादाराच्या जागी लिहायला नावच नसलेला हा माणूस दुसऱ्या रकान्यातला पहिला हक्कदार आहे.

*

आता घुमटाकडे येऊ. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर चार कोपरे उघडे पडतात. घुमटाच्या कडेला तिथे टेकायला काही नसतं. सासानी कारागिरांनी यावर एक साधा उपाय काढला. प्रत्येक कोपऱ्यात एक छोटी तिरकी कमान टाकायची. चाराचे आठ कोन होतात, आठावर गोल सहज बसतो. तिसऱ्या शतकात पहिल्या अर्दशीरने फिरोझाबादला बांधलेल्या राजवाड्यात हे दिसतं. पुढे चार खांब, चार कमानी आणि वर घुमट असं सुटसुटीत रूप ठरलं. त्याला चहार ताक म्हणतात, म्हणजे चार कमानी. अनेक अग्निस्थानं अशी होती. काशानजवळ नियासरला एक अजून उभं आहे.

आणि मग बुखारा. त्या खरवडलेल्या दारांनंतर दोनशे वर्षांनी, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिथे सामानी घराण्याची कबर बांधली गेली. जेमतेम दहा मीटर बाजूचा चौरस, चारही बाजूंना एकेक कमान, वर घुमट, आत कोपऱ्यांत त्याच तिरक्या कमानी. म्हणजे चहार ताकच. फरक एवढा, की मधे आगीऐवजी मुसलमान अमीर. भिंतींत भाजक्या विटा अशा विणल्यात की टोपलीची वीण वाटावी. रंग नाही, फरशा नाहीत, फक्त वीट आणि तिची सावली. सकाळचा आणि दुपारचा फोटो शेजारी ठेवून बघा, एकच भिंत दोन वेगळ्या भिंती वाटतील.

हे सामानी लोक स्वतः इराणी. घराण्याचा मूळपुरुष सामान हा झरतुष्ट्री जमीनदार होता आणि नंतर मुसलमान झाला, अशी परंपरा आहे. सासानी सेनापती बहराम चोबीन आपला पूर्वज, असं ते अभिमानाने सांगत. त्यांच्याच दरबारात रुदकीने फारसीत कविता लिहिली आणि तबरीच्या अरबी इतिहासाचं फारसी रूप तयार झालं. यांना जेते म्हणायचं की जित? दोनशे वर्षांत हे दोन रकाने एकाच घरात जमा झाले होते. 'लूट' म्हणणाऱ्याला या कबरीसमोर गप्प बसावं लागतं. स्वतःच्या आजोबाच्या पद्धतीने स्वतःच्या वडिलांची कबर बांधणं ही लूट कशी?

पण संगमवाल्यांनीही फार खूश होऊ नये. विसाव्या शतकात आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुविदाने, जो इराणच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होता, एक देखणा सिद्धांत मांडला. इराणातल्या अनेक जुन्या मशिदी आधी नुसता सुटा घुमट म्हणून उभ्या होत्या, म्हणजे अग्निस्थानाचं चहार ताक सरळ मशीद बनलं, बाकीचं बांधकाम नंतर भोवती आलं. किती सोपी, किती गोड साखळी! पुढे १९७०च्या दशकात इटालियन पथकाने इस्फहानच्या जामा मशिदीत उत्खनन केलं. निजाम-उल-मुल्कने १०८६-८७च्या सुमाराला बांधवलेल्या मोठ्या घुमटाखाली काय निघालं? आधीच्या मशिदीच्या खांबांच्या ओळी. म्हणजे आधी अरबी पद्धतीची खांबांची मशीद होती, आणि तिचे खांब काढून घुमट नंतर घातला गेला. जुनी इराणी गोष्ट आपोआप टिकून राहिली नव्हती. चारशे वर्षांनी कुणीतरी ती पुन्हा निवडली होती.

टिकणं आणि निवडणं यात मला मोठा नैतिक फरक वाटतो. आपोआप टिकलेल्या गोष्टीचं श्रेय कुणालाच नाही. निवडलेल्या गोष्टीमागे एक माणूस असतो, ज्याला दुसरा पर्यायही होता.

*

निवडीची सगळ्यात चांगली गोष्ट तबरीच्या इतिहासात आहे. मदाइनमध्ये सासानी राजवाड्याची एक कमान होती. आजही बगदादच्या दक्षिणेला तिचे अवशेष उभे आहेत, ताक-ए-किस्रा नावाने. रुंदी सुमारे २५ मीटर, उंची ३५ मीटरांच्या आसपास, नुसत्या विटांची. आणि ही सेंटरिंग न लावता बांधली असं जाणकार म्हणतात. मागच्या भिंतीला टेकवून पहिली रांग तिरकी लावायची, लवकर घट्ट होणारा जिप्समचा गारा वापरायचा, मग पुढची रांग आधीच्या रांगेला टेकते. लाकूड कमी असलेल्या मुलखातली युक्ती.

६३७मध्ये शहर पडलं तेव्हा अरब सेनापती साद इब्न अबी वक्कास याने याच कमानीखाली नमाज पढला. आत गिलाव्यात केलेले माणसांचे आणि घोड्यांचे पुतळे होते. त्याने ते तसेच राहू दिले. चेहरे खरवडले नाहीत. पंचाहत्तर वर्षांनंतरच्या बुखाऱ्यापेक्षा विजयाच्या पहिल्या दिवसाचा मदाइन जास्त सहनशील निघाला. तेव्हा 'ते असेच वागणार' असं कुठल्याच बाजूबद्दल म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवत होतं.

सव्वाशे वर्षांनी खलिफा मन्सूर बगदाद बसवत होता. विटा हव्या होत्या. मदाइनचा राजवाडा पाडून त्या आणाव्यात असं त्याच्या मनात आलं. त्याने खालिद इब्न बर्मकला विचारलं. हे बर्मक घराणं बल्खचं, पूर्वी तिथल्या नौबहार नावाच्या बौद्ध विहाराचं प्रमुखपद यांच्याकडे होतं. नौबहार म्हणजे नवविहार, आणि बर्मक हा 'प्रमुख' या संस्कृत शब्दाचाच बदललेला उच्चार, असं अभ्यासक मानतात. खालिद म्हणाला, पाडू नका. हा राजवाडा उभा आहे म्हणून तर बघणाऱ्याला कळतं, की असलं काही बांधणाऱ्यांना इस्लामने हरवलं. मन्सूर म्हणाला, तुला तुझ्या इराण्यांचा पुळका येतोय. पाडायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत हिशेब आला, की नवी वीट भाजण्यापेक्षा जुनी काढून आणणं महाग पडतंय. मन्सूरने पुन्हा खालिदला विचारलं. आता खालिद म्हणाला, आता थांबू नका, नाहीतर लोक म्हणतील की यांना दुसऱ्यांनी बांधलेलं पाडताही आलं नाही. मन्सूरने ऐकलं नाही, काम थांबवलं.

मी ही गोष्ट अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी खालिदपाशी अडते. त्याच्या मनात खरंच काय होतं? विजयाचं स्मारक राहावं हे खरं कारण, की इराण्यांची कमान वाचवायला शोधलेलं चतुर कारण? मन्सूरला दुसरं वाटलं. मला ठरवता येत नाही. पण हरलेल्यांची गोष्ट वाचवायची असेल तर ती जिंकणाऱ्याच्या भाषेत मागावी लागते, एवढं यातून दिसतं. 'ही सुंदर आहे, राहू द्या' असं खालिद म्हणू शकत नव्हता. 'ही तुमचा विजय दाखवते, राहू द्या' एवढंच म्हणू शकत होता. संगम हा शब्द वापरताना ही असमानता विसरली जाते. दोन नद्या मिळतात तेव्हा एकीला दुसरीची परवानगी काढावी लागत नाही.

*

आता मूळ प्रश्न. नंतर निपजलेलं सौंदर्य आधीच्या अन्यायाची फेड करतं का?

बुखाऱ्याची कबर बघताना मन चटकन हो म्हणतं. शेवटी किती छान झालं ना! कला राहिली, भाषा राहिली, कमान राहिली. पण हे 'शेवटी' कुणाच्या हिशेबातलं? नर्शखी आणखी एक गोष्ट सांगतो. कुतैबाने बुखाऱ्याच्या लोकांना आपल्या घराचा अर्धा भाग अरबांना द्यायला लावला, त्यांच्यावर नजर राहावी म्हणून. आपल्याच घरात अर्ध्या भिंतीपलीकडे पहारेकरी घेऊन जी बाई स्वयंपाक करत होती, तिला दोनशे वर्षांनंतरच्या विटांच्या विणीतून काय मिळालं? काहीच नाही. तिचं येणं तिला कुणी दिलं नाही आणि आता देताही येणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाची परतफेड झाली असं तिसऱ्याने जाहीर करणं मला पटत नाही, मग ती परतफेड कितीही सुंदर असो.

मग उलट म्हणावं का, की सौंदर्यच खोटं? तेही नाही. कारण मग सामानी कबरीच्या गवंड्यावर अन्याय होतो. त्याने कुणाचं घर घेतलं नव्हतं. त्याने एक वीट दुसऱ्या विटेशेजारी इतक्या प्रेमाने ठेवली, की हजार वर्षांनंतर फोनच्या काचेवरसुद्धा ते कळतं. त्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीचा साथीदार ठरवायचं, कारण दोघं एकाच दिशेला तोंड करून नमाज पढत होते? असा न्याय लावला तर जगात एकही भिंत निर्दोष राहणार नाही आणि एकही माणूस.

म्हणून मला दोन वह्या लागतात. एक वही हातांची. तिच्यात कोण कुणाकडून काय शिकलं ते येतं. या वहीत कर्ज नसतं, कारण शिकलेलं दिल्याने कमी होत नाही. दुसरी वही माणसांची. तिच्यात कुणाचं दार उचकटलं, कुणावर जिझिया बसला, कुणाला देश सोडावा लागला ते येतं. या वहीतला बोजा आपोआप उतरत नाही. पहिल्या वहीतली जमा दुसऱ्या वहीत दाखवली की संगमवाल्यांचा खोटेपणा होतो. दुसऱ्या वहीतलं येणं पहिल्या वहीतून वसूल करायला गेलं की लूटवाल्यांचा.

आणि दुसरी वही मिटवायची कशी? पाडून मिटत नाही, कारण पाडणाऱ्याच्या नावावर नवी नोंद चढते. विसरून मिटत नाही. मला एकच मार्ग दिसतो, नोंद ठेवणं. नर्शखी स्वतः मुसलमान होता, मशीद त्याची स्वतःची होती. तरी त्याने दारांची गोष्ट लपवली नाही. दोन दिरहम, छपरांवरचे दगड, खरवडलेले चेहरे, अर्धी घरं, सगळं लिहिलं. पुरेसं नसेल हे. पण त्याने लिहिलं नसतं तर आज मला तो प्रश्नही विचारता आला नसता.

*

देश सोडावा लागलेल्यांपैकी काही जण आपल्या किनाऱ्यावर आले. पारशी गुजरातेत संजाणला उतरले, पुढे मुंबईत आले. त्यांनी सोबत धर्म आणि आगीची सेवा आणली. घुमट आणला नाही. गुजरातेतल्या जुन्या अग्याऱ्या बराच काळ साध्या घरांसारख्याच होत्या. म्हणजे वारसा दुभंगला. कमान आणि घुमट इराणात राहिले आणि मशिदींचे झाले. आग आणि प्रार्थना इकडे आली आणि कौलाखाली राहिली. खरा वारस कोण, हा प्रश्न इथे मला निरर्थक वाटायला लागतो. घर एकाकडे आणि देव्हारा दुसऱ्याकडे गेल्यावर तुम्ही कुणाला बेदखल करणार?

मुंबईच्या फोर्टात मी चालत जाते तेव्हा अग्यारीच्या दारातले पंखवाले दगडी बैल दिसतात. आत जाण्याचा मला हक्क नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. एकोणिसाव्या शतकात पैसा आल्यावर मुंबईच्या पारशांनी पर्सेपोलिसची आठवण अशी दगडात पुन्हा मागवली. पर्सेपोलिसच्या शेजारचं इस्तखर हे झरतुष्ट्री धर्माचं मोठं ठिकाण होतं. सातव्या शतकात तिथे बंड झालं आणि ते मोठ्या रक्तपाताने मोडलं गेलं. दहाव्या शतकात प्रवासी मुकद्दसीने तिथली मशीद पाहिली. खांबांच्या डोक्यावर बैल होते, आणि पूर्वी हे अग्निमंदिर होतं असं लोक सांगतात, हेही त्याने लिहिलं. तेच बैल एकीकडे मशिदीचं छत पेलत होते, हजार वर्षांनी दुसरीकडे अग्यारीचं दार राखत आहेत. इथेही निवड आहे. आधी नव्हतं ते मुद्दाम मागवलेलं.

शेवटची इमारत इराणच्या ईशान्येला, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला. गुंबद-ए-काबूस. सुमारे ५३ मीटर उंच, नुसत्या विटांचा मनोरा, कपड्याला घड्या पडाव्यात तशा दहा धारा, वर सुळका. तो काबूस इब्न वुश्मगीर या अमीराने जिवंतपणीच बांधवला. काबूस कवी होता, विद्वान होता आणि क्रूरही होता. १०१२मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला सत्तेवरून काढून मारलं. अल-बिरुनीने वेगवेगळ्या लोकांच्या कालगणनांवर लिहिलेला ग्रंथ याच काबूसला अर्पण केला होता.

मनोऱ्यावर अरबी लेख आहे, दोनदा कोरलेला, एकदा खाली आणि एकदा वर. त्यात वर्ष दोन पद्धतींनी दिलंय. चांद्र वर्ष ३९७, म्हणजे हिजरी. आणि सौर वर्ष ३७५. ही दुसरी गणना यझदगर्दच्या राज्याभिषेकापासूनची आहे, मर्वजवळ मारल्या गेलेल्या त्या शेवटच्या झरतुष्ट्री राजाच्या. जवळच्याच डोंगरांत दहापंधरा वर्षांनी बांधलेल्या रादकान आणि लाजीमच्या कबर-मनोऱ्यांवर अरबीसोबत पहलवी लिपीही आहे. राज्य बुडून तेव्हा पावणेचारशे वर्षं होऊन गेली होती.

काबूसला कुणी सक्ती केली नव्हती. एक तारीख पुरली असती. त्याच्या मनात अभिमान असेल, अहंकार असेल, किंवा दरबारातल्या ज्योतिषाची सोयही असेल. कारण काही असो, विटेवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत आणि एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. पारशी पंचांगात आजही वर्षं यझदगर्दपासूनच मोजली जातात. मुंबईतल्या एखाद्या पारशी घरात ते कॅलेंडर भिंतीवर लटकत असेल. त्या आकड्यातून ३७५ वजा केले की तो मनोरा किती वर्षांचा झाला ते लगेच कळतं.